बिनकुंकवाचं विमान

पुंडलिकनगरात आमचं घर कुणी विचारलं, तर आम्ही एकच खूण सांगायचो. "अर्धं हिरवं फाटक दिसंल, त्याच्या शेजारी या." ते फाटक लक्ष्मणराव वैजापूरकरांचं. त्याचा डावा पल्ला हिरवागार, उजवा गंजलेला. पाहुणे कधी चुकले नाहीत, आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडायची, की बाबा, हे फाटक पुरं रंगवू देऊ नको, आमचा पत्ता बुडंल.

देवानं ऐकलं. त्याला काही कष्ट पडले नसतील, कारण त्या घरात पुरं असं काही नव्हतंच. जिना गच्चीकडं निघालेला, पण वर पोचायच्या आत थांबलेला, पुढं शिडी. मोरीची फरशी बादलीच्या जागेपर्यंत. कूलर होता, पंखा होता, पाणी होतं. मागची जाळी तेवढी यायची होती.

लक्ष्मणभाऊजींना आळशी म्हणाल तर मात्र पाप लागंल. माणूस सदा कामात. सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, आणि घरी आले की बनियनवर, कानाला पेन्सिल. अडचण एवढीच, की केसाएवढी रेघ वाकडी वाटली तर सगळं खोडून पहिल्यापासून. "झालं" हा शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नसे. त्यांची बायको कालिंदी म्हणायची, "आमच्या लग्नात भटजींनी विचारलं, सात पावलं झाली का? तर हे खाली बघून म्हणाले, जवळजवळ."

तेव्हा आमचं गाव औरंगाबादच होतं. एका गुरुवारी भाऊजी छावणीच्या बाजारात कूलरची जाळी आणायला गेले. संध्याकाळी फाटकातून शिरले, तर काखेत एक खोकं. मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून मेथी निवडत होते. म्हणजे मेथीचं निमित्त होतं, हे कुणी सांगायला नको.

"काय आणलं भाऊजी?"

"विमान, वहिनी."

"आन् जाळी?"

"जाळी पुढच्या गुरुवारी."

कुण्या परदेशी माणसाचं खोकं भंगारवाल्याकडं आलं होतं. आत प्लास्टिकच्या राखाडी काड्या आणि काड्यांना लगडलेले बारीक बारीक तुकडे. वालाच्या शेंगा वेलाला असतात तसे. ते एकेक तोडायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर नावाचं लढाऊ विमान तयार. वीतभर लांब. सोबत कागदाच्या घड्या, आणि त्यात असं की हे विमान हैदराबाद नावाच्या तुकडीचं. विलायतेच्या हवाई दलातलीच तुकडी, पण पैसे निजामानं दिले म्हणून नाव हैदराबाद. ही विमानं पुढं ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली.

बस. भाऊजींचं ठरलं. हेच विमान, ह्याच तुकडीचं, अगदी तसंच्या तसं.

त्यांच्या आई यमुनाकाकू ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी वात खाली ठेवली. "लक्ष्मण, पोलीस ॲक्शनच्या आधी तुझ्या बापाला निजामानं तुरुंगात घातलं. आन् तू त्याच्या विमानाला रंग देणार व्हय?"

"आई, निजामाकडं पैसे आले कुठून? शेतसारा कुणी भरला? वैजापूरच्या आपल्या वावरातून गेलेच असतील की चार दाणे. म्हंजे पंख्याचं एखादं पातं आपलंच."

यमुनाकाकूंनी वात पुन्हा उचलली. "मग पातं तेवढं रंगव. बाकीचं राहू दे."

आता ह्या विमानाला बसवायचं कुठं? पुढच्या खोलीत. आणि खरी लढाई तिथंच होती, ब्रह्मदेशात नाही. त्या खोलीला रस्त्याकडून वेगळं दार, मोठी खिडकी, भरपूर उजेड. कालिंदीनं औरंगपुऱ्यातल्या एका बाईंकडं ब्युटी पार्लरचं शिक्षण घेतलं होतं. मान मागं टाकता येते तसली खुर्चीसुद्धा घेतली होती. खुर्ची घरातल्या बोळीत उभी, अंगावर प्लास्टिक पांघरून; सजून बसलेली नवरी नवऱ्या मुलाची वाट पाहते तशी. गिऱ्हाईक म्हणाल तर मी एकटी. बोळीत, मोरीच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात पाय अडकवत मी भुवया करून घ्यायची.

आषाढात एकदा यमुनाकाकू त्या खुर्चीला अडखळल्या. पडल्या नाहीत, पण हातातली आमटी पडली. कालिंदीनं जमीन पुसली, पदर खोचला आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. मला हाक मारली, "आवडाताई, जरा या. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

असल्या कामाला मी चपला घालत नाही, तशीच धावते.

"अहो," कालिंदी म्हणाली, "एक ठरवू. महालक्ष्म्या उठायच्या आत तुम्ही तुमच्या तोंडानं म्हणायचं, विमान पुरं झालं. म्हणालात तर खोली तुमची. मी जन्मात नाव काढणार नाही. नाही म्हणालात, तर महालक्ष्म्या गेल्या की खुर्ची आत, विमान बाहेर."

"पुरं झालं हे कोण ठरवणार?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्हीच."

भाऊजी चक्रावले. मीही. हा कुठला सौदा? माणसानं नुसतं 'पुरं झालं' म्हणायचं आणि खोली घ्यायची? मी कालिंदीच्या कानाशी लागले. "अगं, खोटं बोलले तर?"

"ताई, हे माझ्याशी खोटं बोलतील," ती म्हणाली. "विमानाशी नाही बोलायचे."

त्या दिवसापासून घराची दोन पार्लरं झाली, एक बाईचं आणि एक विमानाचं. सामान दोघांचं एकच. कालिंदीची नखं घासायची कानस विमानाच्या पंखाला. केस वाळवायचं यंत्र रंग वाळवायला. पापणीचा बारीक कुंचला आकडे काढायला. वरचा हिरवा रंग म्हणजे फाटकाचाच उरलेला डबा. त्यात गेरू कालवून मातकट पट्टे. उजवा पल्ला का गंजका राहिला ते आता कळलं ना? तो विमानाला लागला. वैमानिकाच्या डोक्यावरची काच खोक्यातून कुठंतरी हरवली होती. ती केली यमुनाकाकूंच्या गोळ्यांच्या पाकिटावरच्या फुगीर प्लास्टिकची. काकू रोज विचारायच्या, "लक्ष्मण, आज किती गोळ्या घेऊ?" आणि हे म्हणायचे, "डॉक्टर म्हणाले तेवढ्याच, पण मोठ्या खड्ड्यातली आधी."

मी बोळीतल्या खुर्चीवर मान टाकून पडलेली असायची. कालिंदीच्या दातात दोरा. आता भुवया करून घेतलेल्या बाईला सांगायला नको, की दोरा दातात असला की करणारीला बोलता येत नाही आणि करून घेणारीला बोलवत नाही. असा दोन मुक्या बायकांचा श्रोतृवर्ग भाऊजींना आयताच मिळायचा. ते खोलीतून विमान घेऊन दारात यायचे आणि सुरू.

"वहिनी, हा गोल बघा. बाहेर गडद निळा, मधे फिका निळा. आधी ह्याच्या मधे लाल असायचं. विलायतेत लाल चालायचं. पण ब्रह्मदेशात समोर जपानी, आणि जपान्यांच्या विमानावर असतो नुसता लाल गोळा. घाईत लाल दिसलं, की आपलीच माणसं आपलंच विमान पाडायची. म्हणून हुकूम निघाला, लाल काढून टाका."

"एवढंसं असलं तरी?" मी डोळ्याची कातडी ताणून धरलेली, पाणी गळतंय, तरी विचारलं. जिभेला खाज.

"एवढंसं असलं तरी. टिकलीएवढं लाल लागलं, की ते विमान आपलं राहत नाही."

"हं," कालिंदी म्हणाली. दोरा दातात.

तिचं ते 'हं' मला ठाऊक होतं. कचेरीतल्या बढतीच्या गोष्टीला हं, इंजिनाच्या गोष्टीला हं, कुकरच्या शिट्टीलाही हं. भाऊजी खूश होऊन आत जायचे. मला वाटायचं, बिचारे. भिंतीशी बोलले असते तर निदान पोपडे तरी पडले असते.

मग त्या गोलावर एक झेप घेणारा काळा बिबट्या आला. त्या तुकडीची ती खूण. भाऊजींनी तो बरेच दिवस काढला, खोडला, काढला. यमुनाकाकूंनी चष्मा लावून पाहिलं.

"हे मांजर कशाला?"

"बिबट्या आहे आई."

"काळं मांजर आहे. आन् आडवं चाललंय. निघालेल्या विमानाला काळं मांजर आडवं, वर कपाळ हे असं पांढरं फटक. अशानंच पडत असतील तुझी विमानं."

भादवा आला. विमानाला शेवटचा हात. गल्लीत मी बातमी पसरवली होतीच, त्यामुळं दळण न्यायला चाललेली बाईसुद्धा खिडकीशी थांबून विचारायची, "झालं का?" आतून उत्तर यायचं, "जवळजवळ."

पण ह्या वेळचं 'जवळजवळ' वेगळं होतं. आवाजात धीर होता. कालिंदीलाही तो ऐकू येत असणार, कारण ती आजकाल खुर्चीवरची धूळ पुसत नव्हती.

महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं त्यांचे मुखवटे ताटात घेऊन घरभर फिरवायची रीत. रांगोळीच्या पावलांवरून प्रत्येक खोलीत न्यायचं, आणि मागचीनं विचारायचं, इथं काय आहे? हातात ताट धरलेलीनं सांगायचं, इथं धान्य आहे, इथं दूधदुभतं आहे, इथं सोनंनाणं आहे. असेल नसेल, सांगायचं. लक्ष्मीपुढं घर भरलेलंच असतं. ताट कालिंदीच्या हातात, मागं मी घंटी वाजवत. स्वयंपाकघर झालं, देवघर झालं, माजघर झालं. पुढच्या खोलीशी आलो.

"इथं काय आहे?" मी विचारलं.

कालिंदी थांबली. आत टेबलाशी भाऊजी विमानावर कुंचला घेऊन वाकलेले.

"इथं विमान आहे," ती म्हणाली. आणि मुखवट्यांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, "सध्या."

दुसऱ्या दिवशी जेवणाचा मोठा थाट. सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील. दुपारी भाऊजींनी विमानाला नखांच्या बिनरंगी पॉलिशचा शेवटचा हात दिला, चहूबाजूंनी पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. काही सापडंना. मी खिडकीतून बघत होते. असं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. परीक्षेत सगळे प्रश्न सुटलेल्या पोरासारखं. आनंद कमी आणि संशय जास्त.

कालिंदी आत गेली आणि म्हणाली, "द्या, आराशीत ठेवते. संध्याकाळी हळदीकुंकवाला सगळी गल्ली येईल. सगळ्यांसमोर म्हणा, पुरं झालं."

भाऊजी विरघळलेच. हरलेल्या बायकोचा एवढा मोठेपणा! त्यांनी स्वतः विमान नेऊन महालक्ष्म्यांपुढं ठेवलं, करंज्या आणि लाडवांच्या मधे. पॉलिश ओलं होतं, म्हणून बजावलं, "कुणी हात लावू नका."

संध्याकाळी घर बायकांनी भरलं. यमुनाकाकू सकाळपासून रिवाजाप्रमाणं घरातल्या वस्तूंना हळदीकुंकू लावत फिरत होत्या. कपाटाला, जात्याला, पिठाच्या डब्याला, कूलरलाही. आरती झाली. भाऊजी सोवळ्यात, उपरणं सावरून पुढं झाले. मी साक्षीदार म्हणून पहिल्या रांगेत. कालिंदी मागं, कुंकवाची कोयरी हातात.

"तर मंडळी," भाऊजी म्हणाले आणि विमानाकडं वळले. "हे विमान..."

आणि बोलता बोलता खाली वाकले.

गोलाच्या मधोमध, बिबट्याच्या पोटाखालच्या फिक्या निळ्यावर, कुंकू. टिकलीएवढं. लालभडक. ओल्या पॉलिशमधे मुरलेलं.

"हे कुणी लावलं?"

यमुनाकाकूच म्हणाल्या, "मीच लावलं असंल. सगळ्याला लावलं. बरं झालं. कवाचं पांढऱ्या कपाळाचं उभं होतं."

भाऊजींचा हात उपरण्याच्या टोकाकडं गेला. टोक बोटाला गुंडाळलं. बोट विमानाकडं निघालं. आणि घरातल्या सगळ्या बायकांचा श्वास एकदम आत गेला. मी माझा ऐकला.

"लक्ष्मण," यमुनाकाकू म्हणाल्या, अगदी हळू. "महालक्ष्म्या बसल्यात. त्यांच्यापुढं कुंकू पुसतोस?"

हात हवेत थांबला. कुंकू कुठलं का असेना, घरच्या कर्त्यानं स्वतःच्या हातानं पुसायचं, तेही बायको मागं उभी असताना, तेही लक्ष्मीपुढं? निजामाला न भ्यालेल्या माणसाचा मुलगा, पण एवढी छाती त्याची नव्हती. एवढी छाती कुणाचीच नसते. हात खाली आला.

मग कालिंदी पुढं झाली. मधात घोळलेला आवाज. "राहू द्या हो. पुरं झालं म्हणून टाका. एवढ्याशा टिळ्यानं काय होतंय? ब्रह्मदेशातून कोण बघायला येतंय?"

खरंच होतं की. दोन शब्द म्हणायचे होते. खोली त्यांची, गल्लीत मान ताठ, आणि कालिंदीची खुर्ची जन्मभर बोळीत. मला वाटलं, म्हणतील. मी तर मनात फाटकाचाही निरोप घेतला. आता ह्या माणसाला पुरं करायची चटक लागली, उद्या उजवा पल्ला रंगवणार.

भाऊजींनी तो लाल ठिपका चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. मग म्हणाले, "नाही. पुरं नाही झालं. हे आता आपलं नाही राहिलं." उपरणं खांद्यावर टाकलं. "उद्या महालक्ष्म्या उठल्या की खुर्ची आत घ्या."

आणि बायकांना वाट देत आत निघून गेले. पुरणाचा वास, उदबत्त्या, आणि मधे ते टिळा लावलेलं विमान, काळं मांजर आडवं घेऊन. कुणाला हसावं की हळहळावं ते कळंना. मी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या गेल्या. खुर्ची आत गेली, प्लास्टिक निघालं. आठवडाभरात रस्त्याच्या दारावर पाटी लागली. आतलं पहिलं गिऱ्हाईक अर्थातच मी.

पण मला चैन पडंना. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी त्या घरातून निघताना मी एक गोष्ट पाहिली होती. कपाटावरचं कुंकू मिरची सांडल्यासारखं. कूलरवरचं पार जाळीच्या रिकाम्या जागेपर्यंत ओघळलेलं. यमुनाकाकूंचा हात कापतो, सगळ्या गल्लीला माहीत. आणि विमानावरचा टिळा? काकणाच्या कडेसारखा गोल. असा गोल काढायला बोट नाही लागत. पापणीचा बारीक कुंचला लागतो, आणि शिकलेला हात.

मी खुर्चीवर मान टाकली. कालिंदीनं दोरा दातात धरला.

"कालिंदी, कुंकू तू लावलंस ना गं?"

"हं," ती म्हणाली.

आता ह्या 'हं' चा अर्थ तुम्ही लावा. मी लावला.

पोटात ठेवणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. भाऊजी पार्लरात स्टुलावर चढून छताच्या हुकाला विमान टांगत होते. कालिंदीनंच सांगितलं होतं, माजघरात धूळ खातंय, इथं टांगा. भुवयांचाच दोरा. ती आत चहाला गेलेली बघून मी म्हटलं, "भाऊजी, एक सांगू का? तो टिळा काकूंच्या हातचा नव्हता."

"माहीत आहे वहिनी."

"आं?"

"आईचा हात मला नाही माहीत? ती ओवाळते तेव्हा माझा टिळा नाकापर्यंत येतो."

"मग तिथंच बोलला का नाहीत? सौदा मोडला असता."

भाऊजी दोऱ्याची गाठ मारत राहिले. गाठ सोडली, पुन्हा मारली. "वहिनी, इतके दिवस मी बडबडत होतो. हैदराबादची तुकडी, निळा गोल, लाल का काढलं. मला वाटायचं, कुणी ऐकत नाही. तुम्ही तर झोपायच्याच." (हे खोटं. मी डोळे मिटून ऐकायची.) "टिकलीएवढं लाल कुठं लागलं म्हणजे हे विमान पडतं, हे ह्या गावात दोघांनाच ठाऊक. एक मी." ते हसले. "नेम बघा ना तिचा. बरोबर मधोमध. इतकं नीट ऐकलेलं मी कचेरीतसुद्धा पाहिलं नाही."

मी वर पाहिलं. एका बाजूचा गोल निळाच होता, जसा ब्रह्मदेशात होता तसा. दुसऱ्या बाजूचं कुंकू त्यांनी धुतलं नव्हतं. उलट त्याच्यावरून लाल नखपॉलिश लावून ते पक्कं केलं होतं. विमान पंख्याच्या वाऱ्यानं फिरायचं. घडीत आपलं, घडीत दुश्मनाचं. नवरा-बायकोच्या खोलीत दुसरं काय टांगणार?

सगळं ठीक झालं म्हणायचं, पण माझं नुकसान झालंच. पार्लर चाललंय जोरात. नवी बाई आली की मान मागं टाकते, वर बघते आणि विचारते, "ते विमान कशाला?" आणि कालिंदी दातातला दोरा काढते. दोरा काढून सांगायला लागते, निजामाचे पैसे कसे, ब्रह्मदेश कुठं, जपान्यांचा लाल गोळा कसा असतो, हुकूम काय निघाला. पलीकडून भाऊजी दारात येऊन उभे राहतात आणि एखादी चूक दुरुस्त करतात. मग दोघांची जुंपते. तोवर खुर्चीतली बाई एक भुवई केलेली आणि एक न केलेली, अशी पडून.

मागच्या आठवड्यात मीही तशीच घरी आले. आमच्या ह्यांनी चेहऱ्याकडं पाहिलं, मग खिडकीतून शेजारच्या फाटकाकडं पाहिलं, आणि पेपर वर धरला.